झोपून चालवायची सायकल

लालबागहून निघून भायखळ्यापर्यंत आलं की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सुरुवातीला मी हात झटकायचे, मग हँडलवरची जागा बदलायचे, मग एका हाताने चालवायचे. एका रविवारी गिरगाव चौपाटीजवळ आमचा ग्रुप चहाला थांबला आणि माझ्या हातातला चहाचा ग्लास सरळ खाली पडला. कुणी हसलं नाही. आमच्या ग्रुपचे म्होरके, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एवढंच म्हणाले, "मॅडम, दाखवून घ्या आता."

दाखवून घेतलं. परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीची सगळी वर्षं मी मायक्रोस्कोपवर मान वाकवून काढली होती, त्यामुळे मानेचे मणके झिजलेत हे ऐकून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, "चाला, पोहा. सायकल मात्र बंद."

"सायकल सोडणं अवघड आहे," मी म्हटलं.

"पुढे वाकून, हातांवर भार टाकून आणि वर मान उचलून चालवणं बंद. बाकी काही राहतं का सायकलमध्ये?"

राहत नव्हतं. मी फी देऊन बाहेर पडले.

मी काळाचौकीला राहते. जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे आणि चौदाव्या मजल्यावर मी एकटी असते. लग्न केलं नाही, आई गेली, भाऊ परदेशात. निवृत्त झाल्यावर सोमवार ते शनिवार माझं बोलणं म्हणजे भाजीवालीशी दोन वाक्यं, लिफ्टमध्ये एखादं "कसं काय" आणि भावाचा फोन. रविवारी मात्र सकाळभर बोलायचे. आम्ही पाच-सहा जण होतो. दादरहून तिघं यायचे, मी लालबागला मिळायचे, मग भायखळा, गिरगाव, चौपाटी, वाळकेश्वरचा चढ, उतार, मरीन ड्राइव्ह आणि परत. कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या टायरचं. डॉक्टरांनी बंद केली ती ही बडबड, असं मला त्या दिवशी घरी येताना वाटत राहिलं.

ग्रुपमधल्या एकाने गंमत म्हणून मला एक व्हिडिओ पाठवला. "हे बघा, तुमच्यासाठी." त्यात एक माणूस आरामखुर्चीसारख्या सीटवर रेलून बसला होता, पाय समोर लांब, पॅडल पायांच्या टोकाला, आणि त्या खुर्चीला चाकं. हातांवर काही भार नाही, मान सीटला टेकलेली. अशा सायकलीला रिकंबंट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्याने गंमत म्हणून पाठवला, मी मात्र तो दहा-बारा वेळा पाहिला.

दादरच्या ज्या दुकानातून मी आधीची सायकल घेतली होती तिथे विचारलं. मालक म्हणाले, "अशी गाडी ठेवली तर ती बघायलाच गर्दी होईल, घेणार कोणी नाही." शेवटी इंटरनेटवर सायकलवाल्यांच्या एका पानावर चौकशी टाकली. दोन उत्तरं आली, आणि योगायोगाने दोन्ही जवळपासची. एक गिरगावातून, एक माटुंग्याहून.

आधी गिरगावला गेले. तिथला तरुण एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. नोकरीसाठी कुटुंबासकट बाहेरच्या देशात चालला होता. सायकल गॅलरीत भिंतीला उभी टांगलेली होती. दोन चाकांची, पुढचं चाक लहान, मागचं मोठं, आणि पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे, हवेत. त्याने ती खांद्यावर घेऊन खाली आणली आणि आम्ही वाडीतल्या मोकळ्या जागेत उभे राहिलो.

"ताई, आधी पडाल. सगळे पडतात. मी इथेच पडलोय, त्या नळाजवळ."

"पाय एवढे वर?"

"हो. एक पाय पॅडलवर ठेवायचा, पाठ पूर्ण टेकायची आणि मग जोर. पाठ उचललीत की गेलात."

मी पाठ उचलली आणि पडले. फार लागलं नाही, कारण उंची फारशी नव्हती. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "अरे, त्यांना काय झालंय?" तो म्हणाला, "काही नाही, सायकल शिकतायत." त्यावर आणखी दोन जण गॅलरीत येऊन उभे राहिले. मी पुन्हा बसले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाडीच्या फाटकापर्यंत पोहोचले. वळताना टाच चाकाला घासली आणि परत पडले. तो म्हणाला, "वळताना आतला पाय वर ठेवायचा. सवय होते." मला त्या क्षणी सवय व्हायचं वय उरलंय का असा प्रश्न पडला.

माटुंग्याची त्याच आठवड्यात पाहिली. फाइव्ह गार्डन्सच्या बाजूची जुनी तीन मजली इमारत, आत गाड्यांसाठी फरसबंद आवार आणि वर पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी. सायकल ज्यांची होती ते गृहस्थ वर्षापूर्वी वारले होते. त्यांच्या पत्नी सत्तरीच्या पुढच्या, बारीक, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी वॉचमनकडून ताडपत्री काढवली.

ही तीनचाकी होती. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जाळीची सीट, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मागे एका काठीला नारिंगी झेंडा.

"ह्यांचा तोल गेला होता," बाई म्हणाल्या. "अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर. दोन चाकांवर बसणं शक्यच नव्हतं. मग मुलाने परदेशातून पाठवली. बसा ना."

मी बसले. तोल सांभाळायचा नव्हता, पडायचं नव्हतं, नुसतं पाय टेकवून पॅडल फिरवायचं होतं. मान सीटला टेकली आणि आवारातून पहिली फेरी मारली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर डांबर नव्हतं, झाडाची पानं होती. इतकी वर्षं सायकल चालवून मी कधी वर पाहिलं नव्हतं. हाताला मुंग्या नाहीत. मी दुसरी फेरी मारली, तिसरी मारली. थांबले तेव्हा बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या.

"छान चालवता," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

मी किमतीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मुलाला विचारते. घाई काय आहे? पुढच्या रविवारी या. नीट बघून ठरवा."

पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. ग्रुपबरोबर तशीही मी जात नव्हते. बाई आधीच खाली खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, थर्मासमध्ये चहा, डब्यात काहीतरी. मी फेऱ्या मारायचे. मग त्या बोलायच्या, मी ऐकायचे, कधी उलट. आईच्या आजारपणाचं मी कुणाला फार सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. भाऊ फोनवर काय बोलतो आणि काय बोलत नाही, तेही. त्यांनी मुलाचं सांगितलं. मुलाला तीनचाकीच्या किमतीबद्दल विचारलं का, हे मात्र मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "एक सांगू का? हे त्या कोपऱ्यावर वळताना घंटी वाजवायचे. उगाच. समोर कुणी नसायचं. वाजवाल?"

मी वळताना घंटी वाजवली. त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी प्रत्येक फेरीला मी घंटी वाजवली आणि त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी मनाशी ठरवलं की ही गाडी रस्त्यावर नेऊन बघायची. बाईंनी हो म्हटलं, झेंड्याची काठी स्वतः घट्ट केली आणि फाटकापर्यंत आल्या. ग्रुपला मी आधी कळवलं होतं. ते मला दादरला भेटले. सगळ्यांनी फोटो काढले. मग आम्ही निघालो आणि परळपर्यंत मला कळून चुकलं. मी बसच्या चाकांच्या उंचीवर होते. टॅक्सीची धुराची नळी माझ्या तोंडासमोर. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर मला दिसत नव्हता, म्हणजे त्यालाही मी दिसत नसणार. रुंदीमुळे कडेने निघताही येत नव्हतं. खड्डा आला तर तीन चाकांपैकी एक तरी त्यात जायचंच. ग्रुप पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा पुढे जायचा. लालबागला म्होरके मागे वळून आले आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण आम्हाला तुमची भीती वाटतेय." मला स्वतःलाही वाटत होती. मी तिथूनच परत फिरले.

आणखी एक अडचण होती. टेप घेऊन मी आमच्या लिफ्टचं दार मोजलं. तीनचाकी चार बोटांनी जास्त रुंद. खाली पार्किंगमध्ये ठेवण्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं.

"ही गाडी की सायकल?"

"सायकल."

"सायकलला तीन चाकं?"

"असतात काहींना."

"सायकल स्टँडमध्ये बसेल का?"

"नाही बसणार."

"मग ती गाडी झाली. गाडीला जागा तुमच्या नावावर नाही."

गिरगावची सायकल मात्र मागच्या चाकावर उभी केली की लिफ्टमध्ये मावली असती. सीट तीनचाकीपेक्षा बरीच वर, ट्रकवाल्याला दिसेल इतकी उंच होती. तिच्यावर पडत होते, एवढंच तिचं वाईट होतं.

माटुंग्याला गेले आणि बाईंना लिफ्टचं सांगितलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू त्यांनी ते तयार ठेवलं होतं. "मग इथेच ठेवा की. पैसेही नकोत. दर रविवारी या, चालवा. ताडपत्री आहे, वॉचमन आहे."

मी चहाचा कप हातात धरून बसले होते. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला बोलायला कुणी हवं होतं आणि त्यांनाही. माझी मान त्या सीटवर जशी विसावत होती तशी कुठेच विसावली नव्हती. तरी मला दिसत होतं की मी त्या आवारात गोल गोल फिरणार, कोपऱ्यावर घंटी वाजवणार, आणि त्या दुसऱ्याच कुणाला तरी फिरताना बघणार. मी काळाचौकीहून निघून कुठेतरी पोहोचण्यासाठी सायकल चालवत आले होते. इथे निघणं आणि पोहोचणं एकाच फाटकात होतं.

"मी गिरगावची घेते," मी म्हटलं.

"ती? जिच्यावरून पडता ती?"

"शिकेन."

त्यांनी हात पुढे करून माझा कप घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आता येणार नाही."

"येईन ना. सायकल घेऊन येईन. माटुंगा काय लांब आहे?"

"लांब नाही," त्या म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण लावलं.

गिरगावच्या तरुणाने जायच्या आदल्या आठवड्यात सायकल माझ्याकडे आणून दिली. शिकायला मी कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या बाजूचा रस्ता निवडला. रविवारी सकाळी तिथे दोन्हीकडे बंद शटर, मध्ये रुंद रस्ता आणि कुत्री. पडायला उत्तम जागा. आधी निघणं शिकले, मग थांबणं, मग वळणं. आतला पाय वर. कुत्र्यांना मी अजिबात पसंत नव्हते. असं पाय पुढे करून रेलून जाणारं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. काही आठवड्यांनी ती भुंकायची थांबली. आपण नीट चालवायला लागलो याची मला मिळालेली पावती तेवढीच.

लालबागमधून पहिल्यांदा गेले तेव्हा मात्र एका गोष्टीची मी तयारी केली नव्हती. साठीला आलेली बाई रस्त्यावर पाय समोर करून रेलून चाललीय, हे लोकांना कसं दिसेल याचा मी विचार केला नव्हता. रस्त्यात माझे तळवे सगळ्यांच्या आधी पोहोचायचे. एका हार-फुलांच्या दुकानासमोर सिग्नलला थांबले होते. दुकानातल्या आजीबाई म्हणाल्या, "बाय, पाय देवाकडे झाले गो." समोर देऊळ होतं. मी सायकलवरून उतरून ती ढकलत देवळापुढून नेली. पुढच्या चौकात एका मोटरसायकलवाल्याने विचारलं, "आंटी, पायाला काय झालंय?" "पायाला नाही, मानेला," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. पुढे मी पंजाबी ड्रेस सोडून ट्रॅक पँट घालायला लागले आणि देवळाआधीच्या गल्लीतून वळायला लागले.

नीट यायला लागल्यावर मी ग्रुपला फोन केला. सगळ्यांना आनंद झाला, खोटं नाही सांगत. त्या रविवारी आम्ही भायखळा, गिरगाव करत चौपाटीला गेलो. सपाट रस्त्यावर मी त्यांच्या बरोबरीने होते, फक्त खाली. ते एकमेकांशी बोलत होते ते माझ्या डोक्यावरून जात होतं, अक्षरशः. मी काही म्हटलं तर "काय? काय म्हणालात?" असं दोनदा झालं, मग मी बोलायची थांबले. वाळकेश्वरच्या चढावर ते पॅडलवर उभे राहिले आणि गेले. या सायकलवर उभं राहता येत नाही; पाठ टेकून पाय दाबत राहायचं, जशी चढेल तशी. मी वर पोहोचले तेव्हा ते झाडाखाली थांबलेले होते आणि कंटाळलेले होते. उताराला उलट झालं. मी आडवी असल्यामुळे वारा लागतच नव्हता. सायकल अशी सुटली की मी त्या सगळ्यांना मागे टाकून एकटी चौपाटीवर आले आणि तिथे त्यांची वाट बघत बसले. चढावर त्यांनी माझी वाट बघितली, उतारावर मी त्यांची. बरोबर असे आम्ही फार थोडा वेळ होतो.

म्होरके चहा पिताना म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी असं करू. तुम्ही थोड्या आधी निघा, आपण थेट मरीन ड्राइव्हला भेटू." त्यांनी भल्यासाठीच सांगितलं होतं. पुढच्या वेळी मी पोहोचले तेव्हा त्यांचा चहा झाला होता. त्याच्या पुढच्या वेळी ते यायच्या आधी माझा झाला. मग मी आपल्या वेळेने जायला लागले. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी अजून आहे. वाढदिवस कळतात.

माटुंग्याला जायला मला उशीर झाला. शिकण्यात दिवस गेले हे खरं, पण "येईन" म्हटल्यावर जाणं जड होत गेलं हेही खरं. गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. फाटकातून आत वळले आणि ब्रेक दाबला. ताडपत्री बाजूला घडी करून ठेवली होती. झाडाखाली तीनचाकी उभी होती, चाकांना विटा लावलेल्या, आणि बाई तिच्या सीटवर रेलून वर्तमानपत्र वाचत होत्या. पाय पॅडलवर नव्हते, खाली एका पाटावर होते.

"या," त्या म्हणाल्या. उठल्या नाहीत. "उठायला वेळ लागतो यातून. बसायला मात्र फार बरी आहे. माझी कंबर दुखायची थांबली."

मी प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझी सायकल नीट पाहिली, पॅडल एवढं पुढे कसं म्हणून विचारलं. मी वाळकेश्वरच्या उताराचं सांगितलं. त्या हसल्या.

"विटा काढू का?" मी विचारलं. "एक फेरी मारा. मी बाजूने चालते."

"नको हो. मला कुठे जायचंय?"

चहा झाला. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की मुलाने तिकीट काढलंय, पावसाळ्याआधी त्या त्याच्याकडे जाणार, आणि मग पुढचं पुढे. घर बंद राहील. तीनचाकीबद्दल पुण्याच्या कुणाचा तरी फोन आला होता, त्याला त्यांनी नाही म्हटलं. निघताना मी सायकल वळवली, पाठ टेकली, पाय पॅडलवर ठेवले. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं होतं.

आता मी रविवारी बहुतेक शिवडीकडून गोदामांच्या रस्त्याने खाली जाते. तो रस्ता रिकामा असतो. बोटं बधिर होत नाहीत, मान दुखत नाही, वर पाहिलं तर पुलांची पोटं दिसतात आणि त्यांच्या मधून आकाशाच्या पट्ट्या. बाईंचा मेसेज येतो अधूनमधून, तिकडच्या बागेचा फोटो. मी गिरगावचा, चौपाटीचा पाठवते. परतताना चिंचपोकळीच्या पुलावर चढ लागतो. तिथे माझा वेग इतका कमी होतो की पायी चालणारे मला मागे टाकून जातात. त्यातले काही जाता जाता वाकून माझ्याकडे बघतात, मी बरी आहे ना ते पाहायला. मी मान हलवते आणि पॅडल दाबत राहते.